यकृताचा प्रत्येक रोगी दारुडा नसतो!

पोट फुगले, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी झाली की वस्तीत एकच निकाल लागतो, 'पीत असेल!' कायदा आरोपीलाही बाजू मांडू देतो. यकृताच्या रोग्याला ती संधी नाही. दारू हे मोठे कारण आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह-लठ्ठपणातून यकृतात साचणारी चरबी ही कारणेही तितकीच खरी आहेत. बदनामीच्या भीतीने माणूस तपासणी टाळतो, कावीळ उतरवून घेतो आणि वर्षे निघून जातात.

हा रोग मुका आहे. यकृताला वारंवार इजा होऊन व्रणाचे तंतू वाढत जातात, पण दुखत नाही. डॉक्टर त्याच्या शून्य ते चार पायऱ्या मानतात. चौथी म्हणजे सिरोसिस. रक्ताचा अहवाल बरा आला तरी आत व्रण असू शकतात. सोनोग्राफीत सुरुवातीचे व्रण बहुधा दिसत नाहीत. सुईने तुकडा काढावा तर तो यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग, शिवाय रक्तस्रावाचा धोका. फायब्रोस्कॅन सुईविना यकृताचा ताठरपणा मोजते. पण खेड्यातल्या मजुराने ते यंत्र कुठे शोधायचे?

तरीही वाट आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' गुणांक काढता येतो. तो अंतिम निदान नव्हे, पण पुढील तपासणी कुणाला हवी हे सांगतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही, इच्छाशक्ती लागते!

कारण वेळीच दूर केले तर व्रण मागेही हटतात. हिपॅटायटिस सी बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी आटोक्यात राहतो. या दोन्हींची तपासणी व उपचार मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. चरबीमुळे होणाऱ्या व्रणांवरील पहिल्या औषधाला अमेरिकेने २०२४ मध्ये मान्यता दिली, तीही सिरोसिसच्या अलीकडच्या रोग्यांसाठी. उशीर झाला की उरते प्रत्यारोपण, म्हणजे लाखो रुपये. ते गरिबाने कुठून आणायचे?

शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या खटल्यात बजावले. तो खटला तातडीच्या उपचाराचा होता. आमचा सवाल एवढाच, की वर्षानुवर्षे मुकाट मारणाऱ्या रोगाला 'वेळेवर' हा शब्द लागू नाही काय?

प्राथमिक आरोग्य केंद्रात फिब-४ आणि जिल्हा रुग्णालयात फायब्रोस्कॅन, ही मागणी प्रत्येक कार्यकर्त्याने लावून धरावी. आणि रोग्याला 'किती पितोस?' असे हिणवण्याआधी 'तपासणी केलीस का?' असे विचारावे. एक जीव तेवढ्यानेही वाचेल!