टिकाऊ फोनचे मोल
फेअरफोनच्या सहाव्या पिढीचे गुणदोष

स्मार्टफोन हे यंत्र आज भारताच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आहे. पैशांची देवघेव, रेल्वेचे आरक्षण, विद्यार्थ्यांचा अभ्यास, हवामानाचा अंदाज अशी अनेक कामे त्याच्यावाचून अडू लागली आहेत. असे असूनही हे यंत्र विकत घेताना त्याची जी परीक्षा केली जाते, ती बहुधा पहिल्या दिवसापुरतीच असते. कॅमेरा किती सूक्ष्म, पडदा किती तेजस्वी, आतील चिप किती वेगवान, एवढे पाहून निर्णय होतो. तोच फोन पाचव्या किंवा सहाव्या वर्षी कोणत्या अवस्थेत असेल, हे क्वचितच विचारले जाते. सायकल, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप घेताना मात्र हाच प्रश्न प्रथम विचारण्याची रीत भारतीय घरांत पूर्वापार चालत आली आहे. फोनच्या बाबतीत ती रीत का सुटली आणि ती पुन्हा अंगीकारता येईल काय, ह्याचा विचार करण्यास नेदरलंड्समधील एक फोन उपयोगी पडतो.

ॲमस्टरडॅम येथील फेअरफोन ही कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली. तिचा उगम मात्र व्यापारात नाही. फोनमध्ये लागणारे कथील, टँटलम इत्यादी धातू काँगोसारख्या देशांतील ज्या खाणींतून येतात, तेथील संघर्ष आणि मजुरांची स्थिती लोकांपुढे मांडणाऱ्या एका मोहिमेतून ती जन्माला आली. केवळ टीका करण्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचा फोन बनवून दाखवावा, असा निश्चय तिच्या प्रवर्तकांनी केला. ह्या कंपनीने आपला सहाव्या पिढीचा फोन जून २०२५ मध्ये बाजारात आणला. त्याची मूळ किंमत ५९९ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६० हजार रुपये होती.

ह्या फोनचा मुख्य गुण त्याच्या रचनेत आहे. तो बारा सुट्या घटकांचा बनलेला आहे. पडदा, बॅटरी, कॅमेरे, ध्वनिक्षेपक, चार्जिंगची खोबण असे भाग स्क्रूने बसविलेले असून साध्या स्क्रूड्रायव्हरच्या साहाय्याने कोणाही काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला ते बदलता येतात. कंपनी हे भाग ग्राहकाला थेट विकते आणि फोनची पाच वर्षांची हमी देते. बाजारातील बहुसंख्य फोनमध्ये बॅटरी आतील कवचाला डिंकाने चिकटविलेली असते. ती काढण्यासाठी उष्णता द्यावी लागते, पडदा तडकण्याचा धोका पत्करावा लागतो आणि निष्णात कारागिराचा शोध घ्यावा लागतो.

बॅटरी बदलता येण्याला एवढे महत्त्व का द्यावे, हे तिचे कार्य समजून घेतल्यास स्पष्ट होते. लिथियम-आयन घट प्रभारित होत असताना लिथियमचे आयन धनाग्राकडून ग्राफाइटच्या ऋणाग्राकडे जातात. फोन वापरात असताना ते परत फिरतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या एका पातळ थरात अडकून पडते आणि पुढील फेऱ्यांस निरुपयोगी होते. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने घडते. नागपूर किंवा जैसलमेर येथील उन्हाळ्यात मोटारीच्या काचेमागे ठेवलेल्या फोनची बॅटरी सिमल्यातील फोनपेक्षा लवकर थकते, ती ह्यामुळेच. बॅटरीची झीज अशा रीतीने रसायनशास्त्राच्या नियमांनी अटळ ठरलेली आहे. जी वस्तू झिजणारच हे निर्मात्याला ठाऊक आहे, ती बदलता येणार नाही अशा प्रकारे बसविणे म्हणजे सायकलचे टायर चाकाला कायमचे जोडून विकण्यासारखे होय.

फोनच्या आयुष्याला दुसरी मर्यादा घालते ती कार्यप्रणाली. यंत्र धडधाकट असले तरी कार्यप्रणालीच्या सुधारणा थांबल्या की नव्या सुरक्षादोषांवर उपाय मिळत नाही आणि कालांतराने बँकांच्या सेवाही अशा फोनवर चालेनाशा होतात. ह्यामागे एक कमी परिचित कारण आहे. चिप आणि कार्यप्रणाली ह्यांना जोडणारी मूलभूत आज्ञावली चिपचा उत्पादक पुरवितो. त्याने हात आखडता घेतला, तर फोन बनविणाऱ्याला पुढचे काम फार कठीण जाते. फेअरफोनच्या पहिल्या फोनला ह्याच अडचणीने गाठले. २०१३ च्या त्या फोनचा आधार कंपनीला २०१७ मध्ये थांबवावा लागला. त्या अनुभवातून पुढचा मार्ग सुधारला. २०१५ च्या दुसऱ्या फोनला मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ सुधारणा मिळाल्या. २०२३ च्या पाचव्या फोनमध्ये तर कंपनीने नेहमीच्या फोनची चिप न वापरता क्वालकॉम कंपनीची औद्योगिक यंत्रांसाठी बनविलेली चिप बसविली. कारण अशा चिपला उत्पादकाचा आधार दीर्घकाळ मिळतो. सहाव्या पिढीच्या फोनला २०३३ पर्यंत सुधारणा मिळतील, असे आश्वासन आहे. पहिल्या फोनची कहाणी लक्षात ठेवूनही दुसऱ्या फोनचा इतिहास पाहता हे आश्वासन निराधार म्हणता येत नाही.

गुणांप्रमाणे दोषांचाही हिशेब तितक्याच स्पष्टपणे मांडला पाहिजे. पहिला दोष किमतीचा. ह्या फोनमधील स्नॅपड्रॅगन ७एस, तिसरी पिढी, ही चिप मध्यम दर्जाची आहे. तेवढ्याच किंवा तिच्याहून अधिक वेगाची चिप ह्यापेक्षा पुष्कळ कमी किमतीच्या फोनमध्ये मिळते. कॅमेरा चांगल्या प्रकाशात समाधानकारक असला, तरी त्याच किमतीच्या नामांकित फोनशी त्याची बरोबरी होत नाही. तारेविना चार्जिंग करण्याची सोय नाही. कानात घालण्याच्या साध्या तारेच्या श्रवणयंत्रासाठी असणारी खोबण कंपनीने २०२१ च्या चौथ्या फोनपासूनच काढून टाकली. टिकाऊपणाचा पुरस्कार करणाऱ्या कंपनीला ही गोष्ट शोभणारी नव्हती.

दुसरा दोष पाण्यापासून होणाऱ्या संरक्षणाचा. ह्या फोनचा दर्जा आयपी ५५ असा आहे. ह्यातील पहिला आकडा धुळीविषयी व दुसरा पाण्याविषयी असतो. दुसऱ्या पाचाचा अर्थ असा की, कोणत्याही दिशेने आलेला पाण्याचा झोत हे यंत्र सहन करते. परंतु ते पाण्यात बुडाल्यास त्याची शाश्वती नाही. अनेक महागड्या फोनचा दर्जा आयपी ६८ असतो व ते काही काळ पाण्यात बुडाले तरी टिकतात. डिंकाचा पुरस्कार करणारे उत्पादक नेमका हाच मुद्दा पुढे करतात आणि त्यात तथ्य आहे. जेथे सांधे उघडता येतात, तेथे पाणी शिरण्याचा मार्ग बंद करणे अधिक कठीण असते. कोकणात किंवा मेघालयात पावसाळ्याचे चार महिने काढणाऱ्या माणसाला हा दोष क्षुल्लक वाटणार नाही.

तिसरा दोष अधिक विचार करण्याजोगा आहे. पाचव्या फोनचे पाठचे झाकण नखाने उघडत असे आणि बॅटरी हाताने काढून दुसरी बसविता येत असे. सहाव्या फोनमध्ये बॅटरी काढण्यासाठी स्क्रू सोडवावे लागतात. ह्यामुळे फोन २१२ ग्रॅमवरून १९३ ग्रॅमवर आला आणि बॅटरीची क्षमता ४२०० वरून ४४१५ मिलीॲम्पिअर-तास झाली, हा लाभ खरा. तथापि प्रवासात जवळची दुसरी बॅटरी क्षणात बसविण्याची सोय गेली. शिवाय औद्योगिक चिप सोडून कंपनी पुन्हा सर्वसाधारण चिपकडे वळली आहे. दुरुस्तीसुलभतेचे ध्येय बाळगणाऱ्या कंपनीलाही सुबकपणाच्या स्पर्धेपुढे थोडे नमावे लागले, असा ह्याचा अर्थ होतो.

आता भारतीय कुटुंबाच्या दृष्टीने खर्चाचा विचार करावा. ६० हजार रुपयांचा हा फोन आठ वर्षे चालला, तर वार्षिक खर्च साडेसात हजार रुपये पडेल. उदाहरणादाखल १८ हजारांचा साधा फोन घेऊन तो तीन वर्षांत टाकून दिला, तर वार्षिक खर्च सहा हजार होतो. म्हणजे केवळ पैशांच्या हिशेबात टिकाऊ फोन हरतो, हे मान्य केले पाहिजे. शिवाय २०२५ मध्ये तो बाजारात आला तेव्हा भारत त्याच्या विक्रीच्या देशांत नव्हता. येथे आणलेल्या फोनला सुटे भाग मिळविणे हाच एक उद्योग होऊन बसेल. तेव्हा भारतीय वाचकाने हा फोन मिळवावा, असा सल्ला देणे योग्य होणार नाही.

परंतु ह्याच हिशेबाची एक पुढची पायरी आहे. तो १८ हजारांचाच फोन उघडता येण्याजोगा असता, त्याला सहा वर्षे सुधारणा मिळाल्या असत्या आणि मध्ये दोन हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसविता आली असती, तर एकूण २० हजारांत सहा वर्षे निघाली असती. वार्षिक खर्च साडेतीन हजारांच्याही खाली आला असता. फेअरफोनने सिद्ध केले आहे ते एवढेच की, असा फोन बनविण्यात तंत्रज्ञानाची कोणतीही अडचण नाही. एका लहान कंपनीला जे साधले, ते कोट्यवधी फोन बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना कमी किमतीत साधले पाहिजे. सुधारणांच्या बाबतीत हे घडूही लागले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ ला सात वर्षांच्या सुधारणांचे वचन दिले. मात्र हे महागडे फोन आहेत. ज्याला फोन वारंवार बदलणे परवडत नाही, त्याच्या स्वस्त फोनलाच सर्वांत कमी वर्षांचे वचन मिळते, ही विपरीत स्थिती आहे.

घरखर्चाच्या पलीकडेही ह्या प्रश्नाची व्याप्ती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा काही भाग दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत येतो. तेथे धातू काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, आम्ले वापरली जातात आणि त्या धुराची किंमत कामगार आपल्या फुप्फुसांनी देतात. फोनच्या संपूर्ण आयुष्यात हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून तो बनविण्यात असतो. म्हणून एक फोन दुप्पट काळ वापरणे हा पुनश्चक्रणापेक्षा अधिक सोपा आणि खात्रीचा उपाय होय.

हा बदल ग्राहकांच्या सदिच्छेवर सोडून भागणार नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोनवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे आवश्यक केले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनना नियम लागू केले. ८०० वेळा चार्जिंग झाल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे, विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षे कार्यप्रणालीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत, असे ते नियम सांगतात. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. दिशा योग्य आहे. परंतु निर्देशांक ऐच्छिक राहिला आणि सुटे भाग पुरविण्याचे बंधन नसले, तर त्याचा उपयोग जाहिरातीपलीकडे होणार नाही.

भारताजवळ ह्या कामी एक मोठे बळ आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड येथील आणि प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेतील कारागीर, ज्या वस्तू दुरुस्त होऊ नयेत अशा बेताने बनविलेल्या असतात, त्याही दुरुस्त करीत आले आहेत. त्यांना अस्सल सुटे भाग आणि रचनेची माहिती मिळाली, तर फोनचे आयुष्य वाढेलच, शिवाय हजारो हातांना सन्मानाचे काम मिळेल. शाळांनी आणि ग्रंथालयांनीही आपल्या मर्यादित निधीतून अशी साधने घेताना विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत. बॅटरी कोण बदलू शकेल व किती खर्चात? सुटे भाग किती वर्षे मिळतील? कार्यप्रणालीच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत येतील? हमीत काय समाविष्ट आहे? ज्याला ह्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या फोनचा कॅमेरा कितीही सूक्ष्म असला, तरी त्याची निविदा मागे ठेवणेच इष्ट होय.