टाकाच्या टोकावरचे बदक

आमचे एक मामा आगबोटीवर नोकरीस होते. रजेवर गोव्यास येताना त्यांच्या ट्रंकेत साबणाच्या वड्या, बिस्किटांचे डबे आणि बोटीवरच्या मंडळींनी वाचून टाकलेली इंग्रजी चित्रकथांची पुस्तके असत. इंग्रजीचा आम्हांस गंध नव्हता. तरीही ती पुस्तके आम्ही झिजेपर्यंत पाहिली. परवा ती ट्रंक माळ्यावरून खाली आली. कागद तांबूस पडलेला, कोपरे बोटांत चुरगळून येत होते. सारे रद्दीवाल्यास देऊन टाकावे, असे घरच्या मंडळींचे मत पडले. वरचेच एक पुस्तक मी सहज उघडले आणि मग तासभर जागचा उठलो नाही.

डोनाल्ड डक हे बदक वाचकांस ऐकून ठाऊक असेल. अंगात खलाशाचा डगला, तोंडात तक्रार, आणि पाठीशी तीन भाचे. पानावरचे रंग फिके झाले होते. मुळातच ते छापखान्यातील दुसऱ्याच कुणी भरलेले, आणि स्वस्त छपाईमुळे पुष्कळदा रेघेबाहेर सांडलेले. परंतु काळी रेघ जशीच्या तशी शाबूत होती. बदक रागावले की चोच कशी उघडते, मान कशी पुढे ताणते, मागचा पाय जमिनीवरून नेमका किती सुटतो, हे सारे त्या एका रेघेने सांगितले होते. शब्द झाकून पाहावे तरी भांडण कुणाचे नि चूक कुणाची ते कळावे. लहानपणी आम्ही नेमके तेच करीत होतो.

ही रेघ ज्या हाताची, त्या गृहस्थांचे नाव कार्ल बार्क्स. पुस्तकावर मात्र ते कोठेही सापडायचे नाही. वर वॉल्ट डिस्ने यांचे नाव, खाली प्रकाशकाचे. चित्रकाराचे नाही, लेखकाचे नाही. आणि बार्क्स तर बहुतेक गोष्टी स्वतःच रचीत व स्वतःच रेखाटीत.

त्यांचा जन्म १९०१ सालचा, अमेरिकेतील ऑरेगॉन प्रांतात मेरिल गावाजवळच्या शेतावर. लहानपणी गोवर आला व कान अधू झाले. पुढे ऐकू येणे कमीच होत गेले. आठवीपर्यंत शाळा. चित्रकलेचे म्हणावे असे शिक्षण एकच, टपालाने येणाऱ्या धड्यांचे; तेही कामाच्या रगाड्यात चार धड्यांवरच थांबले. शेतावर राबले, लाकूडतोड केली, रेल्वेच्या कारखान्यात रिबिटे ठोकली. १९३५ साली डिस्ने यांच्या चित्रशाळेत शिरले. हलत्या चित्रांसाठी दोन मुद्रांच्या मधल्या मुद्रा रेखाटण्याचे काम प्रथम त्यांच्याकडे होते. मला वाटते, धावणाऱ्या देहाचा तोल कोठे असतो हे त्यांच्या हाताला तेथेच कळले असावे. १९४२ अखेर त्यांनी ती नोकरी सोडली. बेत होता कोंबड्या पाळण्याचा. जोडीला म्हणून चित्रकथा. जोडधंदा मुख्य झाला आणि १९६६ साली निवृत्त होईपर्यंत सहा हजारांहून अधिक पाने त्यांच्या हातून उतरली.

हत्यार म्हणाल तर साधे. एस्टरब्रुक कंपनीचा ३५६ क्रमांकाचा टाक, आणि काळी जागा भरावयास कुंचला. ज्यांनी शाळेत दौत-टाकाने कित्ते गिरविले आहेत त्यांस मर्म सांगावे लागणार नाही. टाक दाबला की त्याच्या दोन पात्या फाकतात व रेघ जाड होते. हात हलका केला की ती केसासारखी होऊन विरते. बदकाच्या पोटाखाली रेघ वजनदार, पाठीवर हलकी, शेपटीच्या पिसांपाशी नुसता झटका. म्हणून ते बदक कागदाला चिकटलेले दिसत नाही, जमिनीवर उभे राहिलेले दिसते. शिवाय शाईची रेघ खोडता येत नाही. 'चांदोबा'मध्ये शंकर यांनी रेखाटलेला, प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम ज्यांच्या डोळ्यांपुढे अजून उभा आहे, त्यांस टाकाचे हे सामर्थ्य निराळे पटवून द्यावयास नको.

१९४९ सालची त्यांची एक कथा आहे, 'लॉस्ट इन द अँडीज'. वस्तुसंग्रहालयात झाडलोट करणाऱ्या डोनाल्डच्या हातून एक चौकोनी दगड पडून फुटतो आणि ते अंडे निघते! ती अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या शोधार्थ स्वारी भाच्यांसह पेरू देशाच्या डोंगरात जाते. डोंगराची माहिती बार्क्स यांनी 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या छायाचित्रांवरून घेतली होती. अशा दूरच्या देशांस ते स्वतः गेलेले नव्हते. पुढे धुके दाटते. येथे मी थबकलो. शाईने धुके काढावयाचे कसे? बार्क्स यांनी ते जवळजवळ काहीच न काढता काढले आहे: पातळ, तुटक रेघा, आणि बाकी कोरा कागद. धुके सरले की चौकोनी कोंबड्या. पाहताना हसू येते, पण कोंबडीची चाल मात्र खरी आहे. या गृहस्थांचा कोंबड्यांशी संबंध आला होता हे उघड दिसते.

दुसरी कथा १९५२ ची, कंजूष स्क्रूजमामाची. हे पात्र बार्क्स यांनीच १९४७ साली निर्माण केले. मामांनी सारे धन धरणामागच्या तळ्यात लपविले आहे. धरण फुटते आणि नाण्यांचा लोट दरीत कोसळतो. पुढची नाणी वेगवेगळी मोजता यावीत, मागे मागे नुसते ठिपके. दहा सेंटांच्या पुस्तकासाठी एवढे श्रम करा असे त्यांस कुणी सांगितले नव्हते.

मुलांनी मात्र ओळखले. नाव ठाऊक नसल्यामुळे 'चांगला चित्रकार' एवढ्याच खुणेने अमेरिकेतील मुले त्यांची पाने इतरांच्या पानांतून निवडून काढीत. १९६० साली काही चाहत्यांनी नाव शोधून त्यांस पत्र लिहिले, तेव्हा आपली कुणी थट्टा करीत आहे असेच त्यांस प्रथम वाटले. वय तेव्हा एकोणसाठ.

त्याच देशात चित्रकथांवर मोठे वादळही उठले होते. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एका कॅथोलिक शाळेच्या मुलांनी घरोघर फिरून दोन हजारांच्या आसपास पुस्तके गोळा केली व त्यांची होळी केली. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचे टीकेचे पुस्तक निघाले आणि सिनेटच्या समितीने चौकशी केली. खून-दरोड्यांची ओंगळ पुस्तके त्या काळी निघत होती, हे खोटे नाही. आईबापांची काळजी समजण्यासारखी होती. परंतु चित्रकथा तेवढी वाईट, असे एकदा मनाने घेतले की पान उघडून पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही. आमच्या वडिलांनीही एकदा आमच्या हातून असे पुस्तक ओढून घेतले होते. मग ओसरीवर बसून स्वतःच शेवटपर्यंत पाहिले आणि काही न बोलता परत दिले.

खरी हानी आगीने झाली त्याहून मोठी झाली ती कचेरीतील उदासीनतेने. छपाई उरकल्यावर बार्क्स यांची बहुतेक मूळ पाने प्रकाशकांनी नष्ट केली. ती जपावी असे कुणास वाटले नाही. पुढे १९८३ ते १९९० या काळात त्यांच्या कथांचे तीस खंड रंगाविना, काळ्या-पांढऱ्यात निघाले, आणि ती रेघ प्रथमच उघडी पाहावयास मिळाली. २००० साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, ते वारले.

ट्रंक सध्या माझ्या खोलीत आहे. भावाच्या नातीने बाजारातून टाक व शाई आणविली असून ती रोज सायंकाळी डोनाल्ड गिरवीत बसते. डोळे जमले, टोपी जमली. चोच काही केल्या जमत नाही. काल तिने सातवा कागद फाडला आणि मला विचारले, "आजोबा, ह्यांनी एकाच फटक्यात कशी हो काढली?"