अभ्यासाबाहेरील अभ्यास

महाविद्यालयांत गेलेलीं मुलें नाटकाच्या तालमींत रमलीं कीं, परीक्षा बुडणार अशी धास्ती पालकांस वाटते. ती अगदींच निराधार नव्हे. तथापि पुण्यांत १९६३ सालीं सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेकडे पहावें. तीसाठीं कोणी संहिता लिहितो, कोणी दिवे सांभाळतो, कोणी पै-पैचा हिशेब ठेवतो. नेमल्या वेळेंत प्रयोग संपविणें, दुसऱ्याचें ऐकणें, पराभव पचविणें, हे गुण पुढें कचेरींत वा दवाखान्यांत उपयोगीं पडतात; ते पुस्तकांतून पाठ करितां येत नाहींत. मात्र टाळ्यांच्या मोहानें ज्यानें वर्ग सोडला, त्यानें दोन्ही गमावलें. म्हणून पालकहो, मुलांस अडवूं नका; पण तालमीबरोबर त्यांची वहीहि पहात जा. आणि विद्यार्थिमित्रांनो, मिळालेली मोकळीक अभ्यासानें सार्थ करा.