तहनामे आणि तिजोरी

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी समर्थ रामदासांच्या जांबसह हा सारा प्रदेश आणखी तेरा महिने निजामाच्या अमलाखाली होता. ध्वजवंदन करताना एक प्रश्न मात्र आपण टाळतो : परकी सत्ता गेली म्हणजे स्वशासन आले काय?

या प्रश्नाचे उत्तर कुर्दांच्या इतिहासात सापडते. १९२० च्या सेव्हरच्या तहाने त्यांना स्वायत्ततेचे वचन दिले. १९२३ च्या लोझानच्या तहात त्याचा मागमूसही उरला नाही. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने कुर्दिस्तानला स्वतःची विधानसभा व सरकार दिले. परंतु २०१४ मध्ये तेलविक्रीच्या वादावरून बगदादने अर्थसंकल्पातील वाटा रोखताच तेथील शिक्षक-कारकुनांचे पगार थकले. ध्वज होता, तिजोरीची किल्ली नव्हती.

हलब्जात १९८८ साली कुर्दांवर विषारी वायूचा मारा झाला. अशा यातना आपल्या वाट्याला आल्या नाहीत. आपल्या हाती मतपत्रिका आहे. तेव्हा दोन्ही दुःखे एका मापाने मोजणे गैर ठरेल. तथापि कागदावरच्या वचनाचा धडा दोघांनाही सारखाच लागू आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने निधीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष, असे वचन दिले. तीन दशकांनंतर, १९८४ मध्ये, दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यातील साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा होता. घटनेच्या ३७१ (२) कलमात १९५६ पासून तरतूद असलेली विकास मंडळे १९९४ मध्ये अवतरली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. पुनर्स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तोही २०२२ मध्ये!

मंडळांनी असे काय साधले, असे कोणी विचारील. त्यांना खर्चाचा अधिकार नव्हता, हे खरेच. परंतु त्यांचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याचे घटनात्मक बंधन होते. मंडळ संपले की हिशेब मागण्याची ती जागाही संपते.

मराठवाड्याला वेगळे राज्य मिळावे की नाही, हा निराळा वाद आहे. आधी हवी ती मुदतवाढीच्या मेहेरबानीवर न जगणारी, निधीवर ठोस अधिकार असलेली संस्था. तिजोरीवर हक्क नसलेले स्वशासन म्हणजे केवळ ध्वजवंदनच होय.