चितारआळी जगली, तरच सावंतवाडी जगेल

शहराचे सुशोभीकरण म्हणजे कारंजी, शोभिवंत खांब आणि रंगीत फरश्या, अशी सोयीस्कर समजूत गावोगावी रूढ झाली आहे. सावंतवाडीत मोती तलावाकाठी दिवे जरूर लावावेत. परंतु चितारआळीतील कारागिराच्या घरी अंधार असेल, तर तो झगमगाट कोणासाठी?

लाखेच्या रंगांतील लाकडी खेळणी आणि दशावतारी गंजिफा ही या नगरीची ओळख. दहा अवतार, प्रत्येकाची 12 पाने, अशी 120 पाने हाताने रंगवायची! ही कला लोप पावत असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय दिला. राजाश्रयाने कला तगली. बाजारपेठ मात्र लोकाश्रयावाचून तगत नाही.

झाराप-पत्रादेवी वळणमार्गामुळे गोव्याकडे जाणारा प्रवासी आज शहराबाहेरूनच निघून जातो. रेल्वेस्थानकही गावापासून दूर. मग गिऱ्हाईक आपोआप येईल, या भरवशावर किती काळ काढायचा?

कारागिरांनी सहकारी संस्था स्थापून लाकूड व लाख एकत्रित खरेदी करावी. नगरपालिकेने त्यांना माफक भाड्याने गाळे द्यावेत. शेतकऱ्यांनी बांधावर पांगारा लावावा. खेळण्यांना लागणारे हलके लाकूड त्याचेच. आणि आपण? बारशाला प्लास्टिकचे परदेशी खेळणे न्यायचे आणि सायंकाळी स्वदेशीवरील व्याख्यानाला टाळ्या वाजवायच्या, ही शुद्ध आत्मवंचना होय. स्वदेशी हे नित्य खरेदीत पाळावयाचे व्रत आहे. त्याचा आरंभ येत्या बारशापासूनच व्हावा!