एक धड सबब

मुलांनी वाईट संगतीला नकार द्यावा, असा उपदेश आपल्याकडे घरोघरी, शाळेच्या प्रार्थनेनंतर आणि अलीकडे समुपदेशकांच्या व्याख्यानांतूनही मुबलक होत असतो. परंतु तो नकार तेरा-चौदा वर्षांच्या पोराने नेमक्या कोणत्या शब्दांत द्यावा, की जेणेकरून दुसऱ्या दिवशीही त्याला त्याच बाकावर, त्याच सोबत्यांच्या शेजारी अब्रूने बसता येईल, याची तजवीज मात्र कोणी करून ठेवलेली दिसत नाही. निव्वळ तत्त्वाच्या बळावर नकार देणे प्रौढांनाही क्वचितच साधते. (कचेरीतल्या वर्गणीला आपण कितीदा तत्त्वतः नकार दिला, हे ज्याचे त्याने आठवावे.) मुलाला हवी असते ती चारचौघांत टिकणारी एक धड सबब.

गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून मावा करून देण्याचा उद्योग सोलापुरात बिनदिक्कत चालू आहे. अशाच एका टपरीच्या आडोशाला, गेल्या श्रावणात, गणवेशातील चार मुले पुडी सोडवीत उभी होती. तिघांनी चिमूट उचलली आणि पुडी चौथ्यापुढे आली, तेव्हा तो जराही न अवघडता म्हणाला, "आज नको बे, तालमीत जायचंय. वस्ताद तोंडाचा वास घेतेत." त्यावर कोणी त्याला भित्रा म्हटले नाही, की घरी सांगशील म्हणून दरडावलेही नाही. एकाने तेवढे कुतूहलाने विचारले, "लई मारतेत का बे?" "मारत नाहीत. बैठका काढायला लावतेत." एवढ्यावर प्रकरण निकालात निघाले, आणि चौघेही पुन्हा क्रिकेटवर बोलू लागले.

त्या पोराने कर्करोगाचा उल्लेख केला नाही, आईबापांचे नाव घेतले नाही, आणि सोबत्यांना कमी लेखले नाही. त्याची हजेरी दुसऱ्या एका ठिकाणीही लागत होती, आणि त्या ठिकाणचा दस्तुर वेगळा होता, इतकेच त्याने कळविले. ज्याला एकच टोळके आहे, त्याने त्या टोळक्याचा कौल मानला नाही तर तो सायंकाळी जाणार कोठे? अभ्यासेतर उपक्रमांनी व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो असे माहितीपत्रकांत छापलेले असते, त्याविषयी मी साशंक आहे. परंतु त्यांनी मुलाला दुसरी संगत मिळते, आणि पहिल्या संगतीच्या जाचातून सुटण्याची वाट त्या दुसरीतूनच निघते, याविषयी मला शंका नाही.

ही दुसरी संगत आमच्या गिरणगावात एके काळी फुकट मिळत असे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे सोलापूरकराला पत्त्यासारखी पाठ आहेत. गणेशोत्सवाच्या आधी काही आठवडे अंधार पडू लागला की गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडते आणि लेझमीचा सराव सुरू होतो. नवखे पोर मागच्या रांगेत उभे राहते. पहिल्या दिवसांत लोखंडी साखळीत त्याची बोटे चिमटतात, शिट्टी वाजून डाव बदलला की त्याचे पाऊल हमखास चुकीच्या बाजूला पडते, आणि मग पुढच्या रांगेतील यंत्रमागावरचा एखादा कामगार मान मागे न वळविता केवळ आपला पाय किंचित अधिक उचलून त्याला ठेका दाखवितो. त्या रांगेत तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी घरे शेजारीशेजारी असतात, आणि वय दहापासून पन्नासपर्यंत काहीही असते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत शुभ्र बाराबंदी घालून सात नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांचा सरावही असाच, बाप आणि लेक यांना एकाच ओझ्याशी झुंजविणारा.

आता आपण फी भरून जे वर्ग लावतो, त्यांत नेमकी हीच गोष्ट हरवली आहे. ॲबॅकस, स्केटिंग, कीबोर्ड यांपैकी काहीही घ्या. तेथे येणारी मुले त्याच शाळेची, त्याच इयत्तेची आणि त्याच ऐपतीच्या घरांतील असतात, आणि त्यांच्या आयांचा व्हॉट्सॲप गटही पुष्कळदा तोच असतो. सकाळचा वर्गच सायंकाळी दुसऱ्या खोलीत भरतो. तेथे कोणाचे बूट कोणत्या कंपनीचे, ही सकाळची चौकशी पुढे चालू राहते. शासकीय चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात 7 गुणांची भर पडते. तेव्हा वर्गातील सर्वांनी अर्ज भरला म्हणून ज्याला रेषेची यत्किंचितही ओढ नाही असा मुलगाही स्थिरचित्रातील सुरई खोडीत बसतो. बरोबरीच्यांच्या दबावावर उतारा म्हणून जे योजायचे, तेच त्या दबावाखाली पत्करले, तर दोष चित्रकलेचा नव्हे. खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचीही कैफियत फारशी निराळी नाही.

तालमीचे आणि मंडळाचे गोडवे गाताना त्यांचीही एक सक्ती असते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेजारच्या मंडळाने ध्वनिक्षेपकांची भिंत उभी केली म्हणून आपणही करावी, वर्गणीसाठी दुकानदाराला नडावे, मिरवणुकीत रेटारेटी करावी, हे सारे पोरे तेथेच शिकतात, आणि तेथे नकार द्यायचा झाला तर सबब शाळेची सांगावी लागते. म्हणून तर दोन संगती हव्यात. एकीचा अतिरेक दुसरीच्या नावावर टाळता आला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत मात्र आमच्या शहराने ही सोय फारच तुटपुंजी ठेवली आहे. लेझमीच्या पथकांतून आता मुली दिसतात आणि त्यांचे डाव मुलांपेक्षा अधिक रेखीव पडतात, असे माझे मत आहे. पण आमच्या बाजूच्या मंडळात मुलींचा सराव दिवेलागणीपूर्वीच आटोपता घेतात, आणि हलगी खरी रंगात येते ती त्यानंतर. मैत्रिणींनी चालविलेल्या एखाद्या भलत्या बेतातून अंग काढून घ्यायचे झाले, तर "घरी सोडत नाहीत" ही एकच सबब तिच्या हाती उरते, आणि तिच्या मैत्रिणींनाही ती तेवढीच पाठ असते. गेल्या वर्षी काही आयांनी रात्री नऊपर्यंत मुलींच्या सरावास मुभा मिळावी आणि त्यांना घरी पोहोचविण्याची जबाबदारी आपण पाळीपाळीने घेऊ, असा रीतसर अर्ज मंडळाकडे दिला. अध्यक्षांनी तो वाचून, पुढील बैठकीत विचार करू, असे सांगितले. ती बैठक अद्याप भरलेली नाही.