कोंडवाड्याशेजारचा पशुवैद्य

१/ महाराष्ट्रात पशुवैद्यकाचा व्यवसाय करायचा तर ज्या नोंदवहीत नाव असावे लागते, ती ठेवणारी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद नागपुरात आहे. गैरवर्तनाबद्दल नाव नोंदवहीतून काढण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण गावच्या गोठ्यात प्रत्यक्ष सुई टोचणारा माणूस या शिस्तीच्या कक्षेत येतो का?

२/ या प्रश्नाचे मूळ १९३५ च्या भारत सरकार कायद्यात सापडते. त्यात वकिली व वैद्यकी हे व्यवसाय समवर्ती सूचीत होते. पशुवैद्यकी मात्र प्रांतांच्या सूचीत, शेती, पिकांवरील कीड आणि चक्क कोंडवाडे यांच्यासह एकाच नोंदीत होती! माणसांचा डॉक्टर हा स्वतंत्र व्यावसायिक, तर गुरांचा डॉक्टर हे शेतीचे एक उपांग, अशीच ती मांडणी. संविधानाने कोंडवाड्यांना निराळी नोंद दिली. पशुवैद्यकी राज्यसूचीतच राहिली.

३/ त्यामुळे संसदेला यावर थेट कायदा करता येईना. हरियाणा, बिहार, ओरिसा, हिमाचल प्रदेश व राजस्थान यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ नुसार ठराव केले, तेव्हा कुठे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम आला. महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा होता. केंद्रीय कायदा त्याने नंतर स्वीकारला.

४/ या अधिनियमाचे कलम ३० महत्त्वाचे. उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराचा. मात्र पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यांना त्याच्या देखरेखीखाली ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी राज्य शासन देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी वगैरे. या बंधनाला पदविकाधारकांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये उदयसिंग डागर खटल्यात कायदा वैध ठरवला. २७ ऑगस्ट २००९ रोजी महाराष्ट्राने अधिसूचना काढून किरकोळ सेवा निश्चित केल्या.

५/ न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. अडचण आहे ती ‘देखरेख’ या एका शब्दात. श्रेणी-२ च्या दवाखान्यात रोजचे काम पशुधन पर्यवेक्षक पाहतो. देखरेख करणारा पदवीधर बहुधा दुसऱ्या गावी असतो. चूक झाली, गाय दगावली, तर परिषद नाव काढणार कोणाचे? पर्यवेक्षकाचे नाव तिच्या नोंदवहीत मुळातच नाही. तो शासकीय सेवेत असेल तर खातेनिहाय चौकशी होईल. खासगी पदविकाधारकाला तीही लागू नाही.

६/ माणसांच्या बाबतीत हा विचार फार पूर्वी झाला. परिचारिकांसाठी १९४७ चा, औषधविक्रेत्यांसाठी १९४८ चा कायदा. दोघांचीही नोंदवही आहे. १९८४ च्या अधिनियमात पर्यवेक्षकांसाठी तशी वेगळी नोंदवही नाही.

७/ अशी नोंदवही म्हणजे भोंदूंना राजमान्यता, असा पदवीधरांचा आक्षेप असतो. ही भीती निराधार नाही. पण काम करण्याची मुभा तर आधीच दिलेली आहे. राहिली आहे ती केवळ जबाबदारी. परवानगीचा आदेश राज्य शासनच काढते. उपचाराच्या प्रत्येक कागदावर देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाचे नाव व नोंदणी क्रमांक हवा, एवढी अट त्यात घातली, तरी तक्रार घेऊन नागपूरला येणाऱ्या पशुपालकाच्या हाती काहीतरी असेल.